शेवग्याखालचे लाइनमन काका

लातूरला खोली मिळण्याआधी मला परीक्षा द्यावी लागली. घरमालक काकांनी हातभर सुतळी माझ्या हातात दिली, दाराच्या चौकटीतल्या खुंटीकडे बोट केलं आणि म्हणाले, "अशी गाठ मार की वढली की सुटली पायजे. एका झटक्यात."

मी एम.एस्सी. फिजिक्स. नांदेडला विद्यापीठात दुसरी आलेली. माझी गाठ तीन झटक्यांत सुटली नाही आणि चौथ्या झटक्याला खुंटीच हातात आली. काकांनी खुंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "जमंल. पण जमत न्हाई तवर आत झोपायचं न्हाई, वसरीत झोप." मी तीन रात्री ओसरीत काढल्या. चौथ्या दिवशी गाठ जमली आणि मग किल्ली मिळाली.

त्या घरातल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. काकांनी सगळ्या कड्या उपटून काढायला लावल्या होत्या. राहायला सगळ्या मुली, त्यामुळे आईबाप हे ऐकून दचकत. मग काकू त्यांना फाटकाचं कुलूप दाखवत. ते कुलूप नारळाएवढं होतं, ते पाहिलं की आईबाप गप्प बसत. आतून दार लावायचं ते सुतळीने आणि काकांच्या गाठीने. टोक ओढलं की दार मोकळं.

काका टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. उंची अशी की खांबावर चढायला शिडी लागतच नसेल असं वाटावं. खाकी पँट, वर पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात अडकित्ता. सुपारी तर ते त्याने कातरतच, पण वायर सोलणं, पाकीट फोडणं, नखं काढणं आणि एकदा तर दात कोरणं, सगळं त्याच अडकित्त्याने. माणसांना ते नावाने हाक मारत नसत. "एक्स्चेंजात माणसाला नाव नसतंय, गाव असतंय," असं म्हणत. म्हणून माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी माहूर, खालची नायगाव, आणि मी बिलोली. मी तिथे एका क्लासमध्ये शिकवायला आलेली, बाकीच्या पोरी डॉक्टर व्हायला आलेल्या, पण काकांच्या लेखी आम्ही सगळ्या एकाच फळीवरची कनेक्शनं.

घर चांगलं दोन मजली, सिमेंटच्या स्लॅबचं होतं. काका मात्र त्यात राहत नव्हते. मागच्या अंगणात पत्र्याची खोली होती, तिथे ते आणि काकू राहत. काका स्लॅबखाली पाऊलसुद्धा टाकत नसत. मी येण्याआधी बावीस-तेवीस वर्षं टाकलं नव्हतं असं काकू सांगत. वरचा मजला बांधला तोही काकूंनी उभं राहून. काका अंगणात खुर्ची टाकून गवंड्याला खालून ओरडत होते.

पत्र्याच्या खोलीच्या खिडकीत स्टीलचे चार ग्लास एकावर एक उपडे रचलेले असत. हे काकांचं भूकंपाचं यंत्र. जमीन हलली की ग्लास आधी पडणार. पडले की काका "भाइर" असं ओरडत, आणि तो आवाज आख्ख्या कॉलनीत जाई. मग आम्ही सगळ्यांनी सुतळ्या ओढून शेवग्याच्या झाडाखाली जमायचं. शेवगाच का, असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, "हलकं झाड. डोक्यावर पडलं तर भाजी होती."

जमीन काही हलायची नाही, पण गल्लीतून पाण्याचा टँकर जायचा, आणि तो जवळजवळ रोज जायचा. टँकरने ग्लास पडत आणि आम्ही बाहेर. कुणाच्या अर्ध्याच डोक्याला तेल, कुणाच्या अंगावर टॉवेल आणि वरून काकूंची शाल, माहूरच्या हातात कायम न सुटलेला पेपर. काका कमरेवर हात ठेवून हजेरी घेत. "माहूर, हाय का? नायगाव, हाय का? बिलोली, हाय का?" प्रत्येकीने "हाय" म्हणायचं. सगळ्या "हाय" झाल्या की ते ग्लास परत रचायला जात. टँकर आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी एकदा म्हणालेच, काका, हा टँकर होता. त्यावर त्यांचं उत्तर असं की, "हाव. पण त्या दिवशी बी लोक आधी टँकरच म्हणले असतील."

घरातली दुरुस्ती ते बाहेरूनच करत. बल्ब गेला की लांब बांबूला आरसा बांधून खिडकीतून आत घालत, आरशात बघत आणि आम्हाला हुकूम सोडत. "डावीकडं. अगं डावीकडं. तुझी डावी न्हाई, आरशातली डावी." एकदा नायगावने पंख्याचा रेग्युलेटर या पद्धतीने बसवला. त्यानंतर तो पंखा एकवर सुसाट पळायचा आणि पाचवर थांबायचा. कुणाचीच तक्रार नव्हती.

यामागची गोष्ट मला काकूंनी भाकरी थापताना सांगितली. हे घर त्र्याण्णवच्या भूकंपाच्या चार महिने आधी झालेलं. वास्तुशांतीला काकांची आई गावाहून आली, चार दिवस राहिली आणि गोठ्यातली म्हैस व्यायला झाली म्हणून परत गेली. गावातलं घर दगडामातीचं. भूकंपात ते घर आईच्या अंगावर आलं. लातूरच्या ह्या स्लॅबला साधी भेगसुद्धा पडली नाही. "उभं ऱ्हायलं म्हणून तर त्यांचा जास्त राग हाय ह्या घरावर," काकू म्हणाल्या. आईला ढिगाऱ्यातून काढून अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी काका कामावर हजर झाले. छावणीत टेलिफोन जोडायचा होता. वायर होती, पण जोडायची डबी नव्हती. मग काकांनी दोन टोकं हाताच्या चिमटीत धरली आणि दिवसभर तसेच उभे राहिले. लोक रांगेने येऊन पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगत होते, मी हाय, जिता हाय. पलीकडून घंटी आली की काकांच्या हाताला झिणझिण्या यायच्या. प्रत्येकाचं संपलं की ते विचारायचे, "झालं का बोलून? सोडू का?"

मी त्या दिवशी जेवले नाही नीट. पण दुसऱ्या दिवशी टँकर आला, आम्ही टॉवेलात शेवग्याखाली उभ्या राहिलो, आणि मला पुन्हा हसू आलं. काकांसाठी फार वेळ दुःखी राहता येत नसे.

मग टाळेबंदी आली. क्लास बंद झाले, पोरी पेट्या-गाद्या खालच्या समोरच्या खोलीत छतापर्यंत रचून गावोगाव गेल्या. काकू मुलीकडे नांदेडला गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. बिलोलीला जायची सोय होण्याआधीच मीही अडकले. आख्ख्या घरात मी, अंगणात काका, आणि एक बोका. दुसऱ्याच आठवड्यात क्लासच्या सरांचा फोन आला. आता शिकवणं ऑनलाइन. ज्यांना घरून जमेल ते राहतील, बाकीच्यांना क्लास ठेवणार नाही. सोमवारी अकराला तुमचा डेमो, मॅडम, चाळीस मिनिटं. आणि हे बघा, सारखं अडकलं तर पोरं दुसऱ्या क्लासला जातात, तेव्हा एकदा तुटलं तर तुटलं.

नोकरी सुटली असती तर माझं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. बिलोलीला एक स्थळ दोन वर्षांपासून बसून होतं. मुलगा भला होता, फक्त त्याच्या मते बायकोला फिजिक्सची गरज नव्हती. वडील म्हणाले होते, नोकरी आहे तोवर मी त्यांना थांबवतो.

मोबाइलच्या नेटवर सगळं शहर तुटून पडलेलं, त्यामुळे माझ्या फोनवर नुसतं चक्र फिरायचं. खालच्या समोरच्या खोलीत मात्र पोरींनी घेतलेल्या इंटरनेटचा डबा भिंतीवर होता आणि त्यातला हिरवा दिवाही लागत होता. त्याच्यापुढचा राउटर माहूर आपल्यासोबत घेऊन गेली होती. खाली बसून शिकवावं तर पेट्यांमधून एक माणूस आडवा होऊन कसाबसा जाईल एवढीच वाट, आणि माझा फळा वरच्या खोलीत. तो मी भिंतीवरच काळ्या रंगाने रंगवला होता, कारण काकांनी भिंतीला काहीही टांगायला बंदी केलेली. "रंगाला वजन नसतंय," म्हणून तेवढी परवानगी मिळाली होती.

मी काकांना सगळं सांगितलं. ते अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे खालून वर लाइन वढायचीय. त्यात काय. म्या आख्खा तालुका वढलाय."

त्यांच्या भंगाराच्या पेटीतून एक जुना राउटर निघाला. त्याच्या अँटेनाची एक काडी मोडलेली, दुसरी गायब, त्यामुळे हवेतून काही वरपर्यंत पोचणार नव्हतं. वायरच लागणार होती. राउटरला करंट द्यायचा चार्जर नव्हता. भिंतीवरच्या डब्यापासून राउटरपर्यंतची वायर जागेवरच होती, पण तिथून वर न्यायला वायर नव्हती, होती ती वीतभर, आणि तिच्या दोन्ही टोकांच्या चिमट्या तुटलेल्या. दुकानं बंद. काकांनी राउटर उलटा करून चष्मा वर सरकवून वाचलं. "बारा वोल्ट लिवलंय. माझी स्कूटर बी बारा वोल्टच." दुपारी स्कूटरची बॅटरी खिडकीखालच्या ओट्यावर आली. काका खिडकीच्या बाहेर, मी पेट्यांच्या फटीत आत, मध्ये गज, आणि गजांतून आत आलेल्या लाल-काळ्या दोन वायरी. त्या राउटरला लावल्या आणि त्याचे दिवे लागले. काका बाहेरून म्हणाले, "डब्याला काय कळतंय कुणाची बॅटरी हाय."

राउटरची जुनी ओळख पुसायला मागच्या भोकात बारीक टोकदार काहीतरी खुपसावं लागतं. माझ्या केसांचा आकडा जाड निघाला, शेवटी ब्लाउजची पिन चालली. इंटरनेटचा पासवर्ड विचारायला माहूरला फोन लावला. तिने लाजत लाजत सांगितला, तो असा की 'डॉक्टर होणारच' हे इंग्रजीत आणि पुढे एकशेवीस वाटावीत इतकी शून्यं. प्रत्यक्षात ती सातच होती, पण मी दोनदा सहा टाकली.

राहिली वायर. वीतभर वायर काकांनी मधोमध कापली आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जुनी टेलिफोनची वायर घालायचं ठरवलं. तुकड्याच्या पोटात आठ रंगीत तारा होत्या, चार जोड्या: निळी, केशरी, हिरवी, तपकिरी. टेलिफोनच्या वायरीत दोनच तारा असतात, म्हणून काकांनी दोन वायरी शेजारी शेजारी घेतल्या आणि वाती वळतात तशा मांडीवर वळत बसले. "चार तारात भागंल. बाकीच्या वऱ्हाडी असतील," म्हणाले. कुठल्या चार, हे त्यांनी मला विचारलंही नाही. टेलिफोनच्या केबलमध्ये निळी जोडी पहिली, केशरी दुसरी. तीस वर्षं त्यांनी डोळे मिटून निळी आधी जोडली होती. आताही जोडली.

दिवा लागला नाही. काकांनी जोड सोडले, पुन्हा बांधले. दिवा लागला नाही. मला दोनदा जिन्यावरून पळवलं, लॅपटॉप झोपलाय का बघ म्हणून. चौथ्या खेपेला ते म्हणाले, "तुझ्या त्या डब्याचंच डोस्कं फिरलंय."

मी फोनवर शोधलं. चित्र वरून खाली, रेघ रेघ करत, दहा मिनिटांत उघडलं. मी ते गजांजवळ धरलं. "काका, केशरी आणि हिरवी. निळीचं काहीच काम नाही."

"निळी रिकामी?"

"रिकामी."

काका ओट्यावर बसले. अडकित्ता हातात, सुपारी हातात, आणि दोन्ही तशीच. मला वाटलं रागावतील, पण ते रागावले नाहीत. मला तेव्हा फार वाईट वाटलं, जसं काही मीच जाऊन ती निळी रिकामी केली होती. सकाळी उठून पाहिलं तर त्यांनी सगळे जोड सोडून केशरी-हिरवीने नवीन बांधले होते, आणि दिवा लखलख लागत होता. निळीची टोकंही त्यांनी नीट पिळून, दोऱ्याने गुंडाळून ठेवली होती. मी विचारलं, ही कशाला? "रिकामी असली तरी पयली हाय ती," काका म्हणाले.

आता चिमट्या तुटलेल्या टोकांचं काय करायचं, एवढंच उरलं. माझ्याकडचं टोक मी लॅपटॉपला केसांच्या रबराने आवळलं. खालच्या टोकाला खिडकीबाहेरून वर गेलेल्या वायरीचं सगळं वजन येत होतं, म्हणून वायर खालच्या खिडकीच्या गजाला बांधायची होती. ती मी बांधली. चांगली घट्ट बांधली. चार वर्षं रोज दार लावताना हात जी गाठ मारत होते तीच मारली, आणि मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही.

सोमवारी अकराला मी फळ्यासमोर उभी राहिले. विषय घर्षण. पडद्यावर सरांचा काळा चौकोन आणि पोरांचे डझनभर चौकोन. ठोकळा उतारावर ठेवला तर घसरत का नाही, इथपर्यंत मी छान आले, आणि पडदा थिजला. सगळे चौकोन गोठले. मी खिडकीतून खाली वाकले. वायर अंगणात लोंबत होती आणि तिच्या टोकाशी बोका मनापासून खेळत होता. त्याने एकच झटका दिला असणार. गाठ काकांची होती, एका झटक्यात सुटणारी.

"काका," मी ओरडले, "वायर निघाली." ओरडले खरी, पण काका काय करणार होते? खोलीत तर ते येणार नाहीत आणि राउटर पेट्यांमागे, बांबू पोचणार नाही. मी स्वतः जायला जिन्याकडे धावले. 'एकदा तुटलं तर तुटलं' हे सरांचं वाक्य कानात होतं आणि डोळ्यांपुढे बिलोली. दोन पायऱ्या उतरले असेन तोच मागून लॅपटॉपमधून आवाज आला, "मॅडम, दिसताय आता. चालू ठेवा."

मी परत धावले आणि ठोकळा उतारावर ठेवला. काकांनी काहीतरी आकडा बनवून बाहेरूनच ढकललं असेल असं मनाशी ठरवून टाकलं. दहा मिनिटांनी अंगणात खण्णकन आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. चार ग्लास, फरशीवर. माझा खडू थांबला. आता "भाइर" येणार, तो सरांना ऐकू जाणार, आणि मला पळावं लागणार. मी वाट पाहिली. काहीच आलं नाही. पहिल्यांदाच ग्लास पडले आणि कुणी ओरडलं नाही. खरं सांगते, त्या शांततेने मला भूकंपापेक्षा जास्त भीती वाटली. एका पोरीने विचारलं, "मॅम, पुढे?" मी पुढे शिकवलं.

शेवटी सरांचा चौकोन बोलला. "आवाज चांगलाय तुमचा. उद्यापासून अकराची बॅच तुम्ही घ्या." मी आभारही धड मानले नाहीत आणि जिना उतरले, दोन-दोन पायऱ्या एकदम.

समोरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पेट्यांच्या फटीत काका आडवे उभे होते. खोली त्यांना ठेंगणी पडत होती, मान तिरकी, डोळे वर स्लॅबला लागलेले, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. एक हात राउटरवर, आणि अंगठ्याने वायरीचं टोक आत दाबून धरलेलं. नख पांढरं पडलं होतं. ओठ काहीतरी पुटपुटत होते.

"काका," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली नाही. "गिलास पडले."

"ऐकले मी."

"म्या बी ऐकले." त्यांनी अंगठा आणखी दाबला. "बोका असंल, न्हाईतर टँकर. पण तुझं चालू होतं. मधीच कसं सोडावं?"

मी रडायला लागले. हसतही होते, कारण त्यांच्या डोक्यावर नायगावच्या पेटीवरची उशी येऊन बसली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

"रडायलीस कामून? गेली का नौकरी?"

"नाही काका. राहिली."

"मग झालं का बोलून?"

"झालं."

"सोडू का?"

"सोडा."

त्यांनी अंगठा उचलला, टोक निसटलं, दिवा विझला. मग ते फटीतून आडवे आडवे बाहेर आले, पळाले नाहीत, उंबऱ्याशी क्षणभर थांबून एकदा वर पाहून घेतलं आणि सरळ चालत शेवग्याखाली गेले. तिथे गेल्यावर मात्र ते बुंध्याला टेकून खाली बसले. पडलेल्या ग्लासांजवळ बोका आपलं अंग चाटत होता. काकांनी हजेरीसुद्धा घेतली नाही.

म्हणून मीच कमरेवर हात ठेवला. "लातूर, हाय का?"

काकांनी खिशातून अडकित्ता काढला, सुपारी शोधली, आणि तिचे दोन तुकडे केले. एक माझ्या हातावर ठेवला.

"हाय," ते म्हणाले.